गुरुवारचं पाणी

१

तहानीला मातीत ठेवून पुरुष परतले आणि त्याच दुपारी प्रयोगशाळेचा निकाल आला. पाणी शुद्ध.

निकाल घेऊन वगदी थेट माझ्या औषधाच्या दुकानात शिरला. वगदी म्हणजे आमच्या मिन्यत-सफसाफ गावच्या आरोग्य कचेरीतला, पाण्याचे नमुने घेणारा माणूस. भुवयांवर वाळवंटातून येणाऱ्या खमासीन वाऱ्याची पिवळी धूळ बसलेली, टोपी हातात चुरगळलेली.

"पुन्हा शुद्ध, डॉक्टर सुहैर," तो म्हणाला. "आता मी काय करू? पाण्याची गचांडी धरू?"

शेजारच्या घरातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. तहानी त्या घरची सून. इस्माइलियाहून लग्न होऊन आली होती, पहिलटकरीण, आठवा महिना. आधी तिचे डोळे पिवळे झाले, मग नखं. मग ती आपल्याच नवऱ्याला 'हा कोण?' असं विचारायला लागली. बाळही तिच्याबरोबरच गेलं.

विणकर गल्लीत कावीळ शिरून बरेच आठवडे झाले होते. तरणी माणसं पडत होती, म्हातारी नाही. मी ज्याला त्याला सांगत होते, पाणी उकळून प्या. पण ऐकतो कोण? आमच्या गल्लीतलं पाणी उकळायचं म्हणजे लोकांना पाप वाटायचं. ते सलसबीलचं पाणी होतं.

सलसबील ही रिफअत विणकराची एकुलती एक मुलगी. स्वर्गातल्या झऱ्याचं नाव तिला ठेवलं होतं. शाळेत जाणारी पोर तापानं गेली, आणि आईबापांनी तिच्या नावानं घराच्या भिंतीला लागून पाणपोई बांधली. निळ्या फरश्या, पाणी गार करणारी टाकी, खाली तोट्या, वर संगमरवरी पाटी: 'सलसबीलच्या आत्म्यासाठी फातिहा म्हणा.' गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी घोटभर पाणी प्यायलं की त्याचं पुण्य त्याला पोचतं, असं आम्ही मानतो. ती टाकी दिवसरात्र घुमायची. माझं दुकान समोरच. ऐकून ऐकून मला कधीकधी वाटायचं, आत कुणीतरी ओठ मिटून गाणं गुणगुणतंय.

दुसऱ्या दिवशी प्रांताच्या आरोग्यखात्यातून डॉक्टर बुसैना आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, पर्समध्ये खारवलेल्या भोपळ्याच्या बिया. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्या बिया फोडत राहिल्या आणि मला बोलतं करत राहिल्या. कोण पडलं? कुठलं पाणी पितो? आणि त्याची बायको?

सगळ्यांचं उत्तर एकच आलं. पाणपोईचं. नळाचं पाणी पिणारा आमचा न्हावी तेवढा धडधाकट होता.

"पडलेले सगळे पाणपोईचं पाणी पितात," बुसैना म्हणाल्या. "आणि पाणपोईचं पाणी शुद्ध आहे. दोन्ही एकदम खरं कसं असेल? कुणीतरी खोटं बोलतंय. माणूस, नाहीतर पाणी."

"म्हातारी माणसं कशी पडत नाहीत मग?"

"त्यांना लहानपणीच होऊन गेलेली असते ही कावीळ. कळलेलीही नसते. बाहेरून आलेल्याला धरते. आणि पोटुशी असली तर सोडत नाही." त्यांनी हातातली बी तशीच खाली ठेवली. "अजून कोण आहे गल्लीत?"

"करीमा. रंगाऱ्याची बायको. सातवा."

"तिचे डोळे बघितलेस?"

"काल बघितले. पांढरे होते."

"आज पुन्हा बघ. आणि तिला म्हणावं, उकळल्याशिवाय थेंब नाही. मी सांगितलंय म्हण, सरकारी हुकूम आहे म्हण, काय वाटेल ते म्हण."

करीमाकडे जाऊन आले, आणि मग आम्ही तहानीच्या घरी गेलो. तिची सासू हज्जा नईमा चटईवर बसली होती, भिंतीला टेकून. "तिचं उरलेलं आयुष्य तुमच्या वाट्याला येवो," बुसैना म्हणाल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"हज्जा, तहानी पाणी कुठलं प्यायची?"

"मी आणून द्यायचे ते. रोज सकाळी, पाणपोईवरून, फातिहा म्हणून. पोरीच्या पुण्याईनं बाळ सुखरूप येईल म्हणून." नईमाचा आवाज कोरडा होता. "रोज. गुरुवार सोडून."

"गुरुवारी का नाही?"

नईमानं माझ्याकडे पाहिलं, या शहरातल्या बाईला सांगू का, असं विचारल्यासारखं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "गुरुवारी ती पोर येते. त्या दिवशी पाण्याला तिच्या इस्पितळाच्या खाटेचा वास येतो. मेलेल्याचा वास मी पोटुशीला कसा पाजू?"

२

पाणपोईवर सलसबीलची आई होती. ती कायम तिथंच असायची. इन्साफ तिचं नाव, पण मुलगी गेल्यापासून गल्ली तिला फक्त उम्म सलसबील, सलसबीलची आई, म्हणायची. पूर्वी म्हणायची नाही इतक्या वेळा. ती पेले विसळत होती. एकेक पेला उजेडाकडे धरून बघायची आणि पालथा ठेवायची.

"प्या," ती म्हणाली. आम्ही उभ्या राहतो ना राहतो तोच तिनं पेला पुढं केला.

बुसैनांनी पेला हातात घेतला, प्यायल्या नाहीत. "पाणी कुठलं, उम्म सलसबील?"

"आमच्या अंगणातल्या बोअरचं. गोड आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळचं. नळाचं पाणी मी घरात घेत नाही, त्याला औषधाचा वास येतो." ती थांबली. "इस्पितळात सगळीकडं तोच वास होता. फरशीला, चादरीला, पोरीच्या केसांना. मेंदूचा ताप होता तिला. शेवटी शेवटी ती पाणी मागायची. आपल्या घरचं पाणी आण म्हणायची."

आतून मागाचा आवाज येत होता. खटक, खटक. रिफअत कामावर होता; मुरलेला कारागीर म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणायचे. पायांनी दांड्या दाबत तो माग चालवायचा, सकाळपासून सूर्य कलेपर्यंत.

"गुरुवारचं काय म्हणतात ते खरं आहे?" बुसैनांनी विचारलं.

मला वाटलं, ती चिडेल. पण इन्साफच्या चेहऱ्यावर कसलासा उजेड आला. तो बघून मला भीती वाटली.

"तुम्हालाही कळलं? गुरुवारी मी कबरस्तानात जाते. तिच्या नावानं पोळ्या आणि खजूर वाटते, ऊन उतरेपर्यंत बसते. आणि घरी येऊन पेला भरला की त्याला तोच वास. तिच्या केसांचा. ती माझ्या मागोमाग घरी येते हो. मला खात्री आहे."

"उस्ता रिफअत नाही येत बरोबर?"

"त्याचे पाय दुखतात."

खटक, खटक, आतून चाललं होतं.

"आणि तो वास जातो कधी?"

इन्साफनं एक पेला उचलला, पुसला, पुन्हा पुसला. "मीच घालवते तिला," ती म्हणाली. "किती वेळ ठेवून घेणार? तिला तिच्या जागी परत जायला हवं."

"घालवता? कशी?"

आमच्या मागं उभ्या राहिलेल्या माणसाला तिनं पेला भरून दिला.

बुसैनांनी आपला पेला गुपचूप एका बाटलीत ओतून घेतला. दुकानात परत आल्यावर त्यांनी त्यातलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात एक पांढरी गोळी टाकली. पाण्यात शुद्धीचं औषध असेल तर ते गुलाबी होतं. आम्ही बघत राहिलो. गोळी विरघळली. पाणी होतं तसंच राहिलं.

उरलेली बाटली त्यांनी माझ्या खिडकीत उन्हाला ठेवली. आत तळाशी एक कागदाची पट्टी होती.

"घाण असेल तर उद्यापर्यंत काळं पडेल," त्या म्हणाल्या. "नसेल तर मी तुझ्या त्या पोरीच्या भुतावर विश्वास ठेवीन."

३

वगदीला बोलावलं तर तो रडायच्या बेतात आला.

"लोक म्हणतात मी बाटल्या बदलतो. डॉक्टर, मी का बदलू? भर दिवसा, दहा माणसांसमोर, जंतू मरावेत म्हणून तोटी तापवतो, बाटली भरतो, झाकण लावतो. उस्ता रिफअत स्वतः दारात उभा असतो. चहा पाजतो मला."

"नेहमी गुरुवारीच?"

"प्रयोगशाळेची गाडी गुरुवारीच जाते. मी काय उंटावरून पाठवू?"

"आणि जागेवर गोळी टाकून बघतोस का?"

"बघतो ना! दर वेळी गुलाबी. मस्त गुलाबी."

बुसैना त्याच्याकडे बघत राहिल्या. "वगदी, ते बोअरचं पाणी आहे. बोअरच्या पाण्यात औषध कुठून येईल?"

वगदीचं तोंड उघडं राहिलं. "बोअरचं? मला कोण सांगतंय? मला वाटलं, गावात सगळीकडं आहे तसं नळाचंच असेल."

तिथून आम्ही मेतवल्लीकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्याचं पाण्याचं दुकान. मोठ्या गाळण्या लावून पाणी गाळायचा आणि कॅन भरून विकायचा. पाणपोई झाल्यापासून तो माशा मारत बसला होता, आणि कावीळ सुरू झाल्यापासून गल्ली त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघत होती.

"या, या, सरकार या," तो खुर्चीतून न उठता म्हणाला. "विचारा. पाणपोईत विष मीच टाकलं ना? गल्लीत तेच चाललंय. काल एका बाईनं माझ्या उंबऱ्यावर थुंकून दाखवलं. आणि तिचा नवरा माझा मावसभाऊ!"

"टाकलं का?"

"मला विष टाकायचं असतं तर मी आधी त्या मावसभावाला पाजलं असतं." तो हसला, मग त्याचा चेहरा पडला. "त्या पोरीच्या लग्नात मी नाचलोय, डॉक्टर. तहानीच्या."

"पाणपोई झाल्यापासून तुमच्याकडं कुणीच येत नाही?"

"येतात की. गुरुवारी. त्या दिवशी माझ्याकडं रांग लागते. पाणपोईच्या पाण्याला भुताचा वास येतो म्हणे." त्यानं खांदे उडवले. "भूत मला तेवढीच मदत करतं. शुक्रवारी सकाळी पुन्हा शुकशुकाट."

बाहेर आल्यावर बुसैना मला म्हणाल्या, "तुला गंमत कळली का? नईमानं सुनेला रोज पाजलं आणि गुरुवारी वगळलं. सगळ्या गल्लीनं गुरुवारी वगळलं."

मला गंमत कळली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि खिडकीकडं नजर गेली. बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

४

बुसैनांनी तासाभरात पाणपोईला दोरी बांधून लाखेची मोहोर लावली. टाकीची वीज तोडली. ते गुणगुणणं थांबलं तेव्हा इन्साफ दारात उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. नुसती कान देऊन उभी राहिली.

पण बातमी दोरीपेक्षा लांब पसरली. काळी बाटली सगळ्यांनी पाहिली होती, आणि वगदीचे गुरुवारचे शुद्ध निकालही सगळ्यांना ठाऊक होते. दुपारपर्यंत गल्लीनं आपला हिशेब लावला: गुरुवारी तपासणी असते म्हणून गुरुवारी पाणी चांगलं. म्हणजे बाकीच्या दिवशी कुणीतरी त्यात काहीतरी टाकतं. आणि टाकून फायदा कुणाचा?

मेतवल्लीच्या शटरवर पहिला दगड बसला तो आवाज मी दुकानात ऐकला. तहानीचा नवरा सगळ्यांच्या पुढं होता. मेतवल्लीनं शटर आतून ओढून घेतलं होतं, आणि आत त्याची म्हातारी आईही होती.

"पोलीस बोलवा," मी बुसैनांना म्हटलं.

"बोलावलेत. पण पोलीस दगड थांबवतील, संशय नाही थांबवणार. तो माणूस या गावात पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "गल्लीनं प्रश्नच उलटा धरलाय, सुहैर. त्यांना वाटतं, बाकीच्या दिवशी कुणीतरी विष टाकतं. विष रोजचंच आहे गं. गुरुवारी कुणीतरी ते काढून घेतं."

"काढून? पाण्यातून विष कसं काढणार?"

"पाणीच बदलून. बोअरच्या जागी नळाचं सोडून. तो वास भुताचा नाही, तुमच्याच गावच्या नळाचा आहे. एका तोटीतून दोन पाणी येतात." त्या उठल्या. "आणि गुरुवारी त्या घरात कोण नसतं, आणि कोण असतं, एवढंच बघायचं."

आम्ही गर्दीतून वाट काढत रिफअतच्या घरी गेलो. अंगण लहान. एका कोपऱ्यात बोअर. त्याच्या मागं, भिंतीपलीकडं, तीनेक वर्षांपूर्वी उठलेली चार मजली इमारत, आणि भिंतीच्या पायाशी ओल. बुसैनांनी बोट नुसतं दाखवलं. त्या इमारतीचा शोषखड्डा. बोअरपासून एका उडीच्या अंतरावर.

पाणपोईच्या पाठीमागं भिंतीत एक कोनाडा होता, लाकडी फळीनं झाकलेला. फळी काढली. आत पितळेचा कॉक, तीन तोंडांचा. एक नळी बोअरकडून, एक रस्त्याच्या नळाकडून, एक पाणपोईकडं. मूठ एका बाजूला फिरवली की बोअर, दुसऱ्या बाजूला फिरवली की नळ. बाकी सगळ्या नळ्यांवर गंज आणि धूळ होती. मूठ मात्र हाताच्या घामानं चकचकीत झाली होती.

मागाचा आवाज बंद पडला. रिफअत दारात आला. उंच, वाकलेला, दाढीत कापसाचे तंतू.

"उस्ता रिफअत," बुसैना म्हणाल्या, "दिवसभर पायांनी माग चालवता. मग दर गुरुवारी मुलीच्या कबरीपर्यंत तुम्हाला का चालवत नाही?"

५

तो अंगणात खालीच बसला.

"हिला बाहेर पाठवा," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. बुसैनांनी नकारार्थी मान हलवली. मी तिथंच राहिले.

"मेंदूचा ताप नव्हता," तो म्हणाला. "इस्पितळातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. पाण्यातून आलेला ताप. आतड्याला भोक पडलं. विचारलं, घरी कुठलं पाणी पिता? मी सांगितलं. तो म्हणाला, ते बंद करा. मी खोलीत परत गेलो तर इन्साफ पोरीला पाणी पाजत होती. घरून बाटलीत भरून आणलेलं. पोरीनंच मागितलं होतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सांगा, मी काय बोलायला हवं होतं?"

बाहेर कुणीतरी मेतवल्लीच्या नावानं ओरडलं.

"पोर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच तिनं ठरवलं, पाणपोई बांधायची. ह्याच पाण्याची. पोरीच्या आवडीचं पाणी. मी नको म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का? म्हणून मी तो कॉक बसवला. तिला म्हटलं, वीज गेली तर पाणपोई कोरडी पडू नये म्हणून नळ जोडतोय. आणि गुपचूप नळाकडं फिरवून ठेवला. दोन दिवसांत तिला वास आला. मी बघायला गेलो तर मूठ परत बोअरकडं. पुन्हा फिरवली, पुन्हा परत. ती दिवसभर तिथंच बसलेली, मला हात लावता येईना. फक्त गुरुवारी ती नसते."

"आणि गुरुवारी संध्याकाळी पुन्हा बोअर."

"दर गुरुवारी वाटायचं, आज राहील."

"मूठ कोण फिरवतं, असं कधी विचारलं नाहीत?"

रिफअतनं वर पाहिलं. डोळे लाल होते. "मी म्हणायचो, पोर फिरवते. गुरुवारी येते आणि आपलं पाणी मागते. तसं म्हटलं की मला विचारावं लागायचं नाही."

बुसैनांचा आवाज एकदम धारदार झाला. "वगदीचा पहिला निकाल आला तेव्हा कळलं तुम्हाला?"

"नाही."

"दुसरा?"

त्यानं दाढीतला एक तंतू ओढून काढला.

"दुसरा आला तेव्हा कळलं. नमुना गुरुवारी जातोय, शुद्ध ठरतोय, आणि लोक बाकीचे दिवस शोषखड्डा पितायत. तुम्ही वगदीला चहा पाजत होता, उस्ता. एक शब्द बोलला असता तर ती पोरगी आज बाळंत व्हायची वाट बघत बसली असती."

"तिच्या जनाज्याला मी खांदा दिला," रिफअत म्हणाला. "मला वाटलं, लाकूड माझ्या खांद्यातून आरपार जाईल. गेलं नाही." मग तो गुडघ्यांवर पुढं सरकला. "मला पकडून न्या. मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो, मीच केलं. बोअर बुजवा. पण तिला सांगू नका. तिच्या हातचं पाणी होतं ते. तिच्या हातचं."

"मी तिला सांगणार नाही," बुसैना म्हणाल्या. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. "तुम्ही सांगणार आहात. बोअर मी बुजवीन, पण कारण कळलं नाही तर ती उद्या दुसरा बोअर खणायला लावेल आणि त्यावर पोरीचं नाव लिहील. बोलवा तिला."

तो बसूनच राहिला. मीच हाक मारली. "उम्म सलसबील."

६

ती आली आणि आमच्याकडं न बघता उघड्या कोनाड्याकडं बघत राहिली.

"हे उघडं कुणी टाकलं? धूळ जाईल." ती फळी उचलायला वाकली, आणि नवऱ्याचा चेहरा दिसला तसा तिचा हात थांबला.

मग तिनंच विचारलं, "ही मूठ तू फिरवायचास?"

"हो."

"दर गुरुवारी?"

"हो."

"मला वाटायचं, ती फिरवते." ती हळूहळू बोलत होती, जणू झोपेतून उठून. "येते, इस्पितळातून सुटून येते, आणि घरी आल्याची खूण करून जाते. मी मूठ परत फिरवायचे आणि म्हणायचे, जा बाळा, आता झोप. दर आठवड्याला मी तिला निरोप द्यायचे, रिफअत. मला तेवढंच होतं."

"मलाही तीच वाटायची," तो म्हणाला.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मी कितीतरी घरांत मरण बघितलंय, पण त्या अंगणात त्या क्षणी एक पोर दुसऱ्यांदा गेली. मी तिथून नजर काढून घेतली.

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्याला तो दोन वर्षं चुकवत होता.

"पण तू का फिरवायचास?"

रिफअतनं सांगितलं. थोडक्यात, मान खाली घालून. शब्द इतके हळू की मला अर्धे ऐकू आले. तिला सगळे ऐकू आले. ती किंचाळली नाही. भिंतीला हात लावून उभी राहिली, तो हात ओलीवर पडला तसा तिनं झटकन काढून घेतला आणि तळव्याकडं बघत बसली.

"ती मागत होती," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. आई, अजून एक घोट."

"तुला ठाऊक नव्हतं."

"तुला होतं." ती त्याच्याकडं वळली. "माझ्यासाठी गप्प बसलास? मग तहानी कुणासाठी गेली? तिचं बाळ कुणासाठी गेलं?"

बाहेर शटरवर पुन्हा दगड बसला. इन्साफनं दाराकडं हात केला.

"त्या माणसाला मारतायत. जा."

तो उठला आणि गेला. आम्ही त्याच्या मागं गेलो. रिफअत गर्दीतून सरळ मेतवल्लीच्या शटरपुढं जाऊन उभा राहिला, लोकांकडं तोंड करून. कुणीतरी म्हणालं, "बाजूला हो, अबू सलसबील, तुला लागेल."

"लागू दे," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं, बोअर, कॉक, गुरुवार, चहा. गर्दीतला आवाज एकेक करून बंद होत गेला. शेवटी फक्त वाऱ्यानं उडणारी वाळू शटरवर घासत होती. तहानीच्या नवऱ्याच्या हातात दगड होता. त्यानं तो रिफअतवर उगारला, हात वर तसाच राहिला. पोलिसांनीच मग त्याच्या मुठीतून तो काढून घेतला, आणि रिफअतला गाडीत बसवलं.

शटर वीतभर वर झालं. खालून मेतवल्लीचा आवाज आला, "माझी आई घाबरलीय. कुणी डॉक्टर आहे का?" बुसैना वाकून आत गेल्या.

७

पुढं रिफअतवर खटला झाला, शिक्षा झाली. शोषखड्डा बोअरला इतका चिकटवून बांधल्याबद्दल त्या इमारतीच्या मालकालाही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. करीमाचे डोळे पांढरेच राहिले आणि तिला मुलगी झाली. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं.

गल्ली पांगली होती. मी दुकान आवरत होते, तेव्हा इन्साफ आपल्या घरातून बाहेर पडली. डोक्यावरची शाल नीट केलेली. तिनं पाणपोईकडं पाहिलं नाही. रस्ता ओलांडून ती माझ्या दारापुढून गेली आणि हज्जा नईमाच्या उंबऱ्याशी थांबली. मला राहवलं नाही. मी चार पावलं मागं उभी राहिले. काही झालं तर सावरायला कुणी असावं म्हणून.

दार उघडंच होतं. नईमा त्याच चटईवर होती. रिफअत जे बोलला ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिचा चेहरा बघूनच ते कळत होतं.

इन्साफनं चपला काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही.

"हज्जा, ते पाणी माझं होतं."

नईमानं मान वर केली. मला वाटलं, आता ती हातात सापडेल ते फेकून मारेल.

"आणलं मी," नईमा म्हणाली. "तहानीला नको असायचं. म्हणायची, मावशी, मळमळतं. मी म्हणायचे, नाटकं करू नकोस, बाळासाठी पी." तिनं हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केला. "पेला तिच्या तोंडाला मी लावायचे. दात घट्ट मिटायची पोरगी."

इन्साफ चौकटीला धरून खाली बसायला लागली, तिथंच, उंबऱ्यावर.

"तिथं बसू नकोस," नईमा एकदम रागानं म्हणाली. "लोक बघतायत. मला तुझ्याशी बोलायचं नाही, आज नाही, कदाचित कधीच नाही. पण उंबऱ्यावर बसू नकोस."

तिनं पाय जवळ घेतले आणि चटईवर आपल्या बाजूला जागा केली. इन्साफ तशीच उभी राहिली, वाट न सुचल्यासारखी.

"आणि चपला आत घे," नईमा म्हणाली. "गल्लीत कुत्री आहेत."

इन्साफनं वाकून चपला उचलल्या, छातीशी धरल्या आणि आत गेली. मी दार ओढून घेतलं आणि माझ्या दुकानाकडं वळले.